नक्षत्रांच्या पत्त्यावर अदृश्य विश्व

जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे डोळे आकाशाकडे लागतात. मृगाचे वाहन कोणते, हत्ती की बेडूक, गाढव की मोर, याची चर्चा पारावर रंगते आणि वृत्तपत्रेही ती बातमी आवर्जून छापतात. या सगळ्यात एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या मृगाच्या नावाने पेरणीचा हिशेब सुरू होतो, ते मृग नक्षत्र त्या दिवसांत आकाशात दिसतच नाही. सूर्य त्याच दिशेला असल्यामुळे ते दिवसा उगवते, दिवसाच मावळते आणि सूर्याच्या झगझगाटात बुडून जाते. हरणाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेत खाली चमकणारा व्याध हे देखणे दृश्य पाहायचे असेल, तर हिवाळ्याची वाट पाहावी लागते.

मग सूर्य मृगात आहे, हे आपल्या पूर्वजांना कळले कसे? सूर्याच्या मागचे तारे तर कधीच दिसत नाहीत. याचे उत्तर पौर्णिमेच्या चंद्रात आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. तो रात्री ज्या नक्षत्राजवळ दिसेल, त्याच्या समोरच्या नक्षत्रात सूर्य असला पाहिजे, हे उघड आहे. जूनमध्ये पूर्णचंद्र ज्येष्ठा किंवा मूळ नक्षत्राच्या आसपास असतो. म्हणून त्या महिन्याचे नाव ज्येष्ठ आणि म्हणूनच सूर्य मृगाच्या बाजूला. आपल्या चैत्र, वैशाख, ज्येष्ठ या मासनामांच्या मुळाशी दिसणाऱ्या वस्तूवरून न दिसणाऱ्या वस्तूचे स्थान ठरविण्याची ही युक्ती आहे.

आजचे खगोलशास्त्र ज्याला 'अदृश्य विश्व' म्हणते, त्याचा शोध याच युक्तीने चालला आहे. उपकरणे अर्थातच बदलली. विश्वातील एकूण वस्तुमान आणि ऊर्जेपैकी तारे, ग्रह, वायू, धूळ आणि आपण स्वतः, अशा ओळखीच्या द्रव्याचा वाटा जेमतेम पाच टक्के भरतो. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि सुमारे ६८ टक्के कृष्ऊर्जा असा उरलेला हिशेब आहे. या पाच टक्क्यांतलेही बरेचसे डोळ्यांना दिसत नाही. ते रेडिओ लहरी, क्ष-किरण, अवरक्त किरण यांतूनच हाती लागते. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला आलेल्या माणसाला ही आकडेवारी ऐकून किंचित फसवले गेल्यासारखे वाटते. रात्रभर जागून आपण पाहिले ते सगळे पाच टक्क्यांतले! पण उरलेल्याचा माग लागला, तो नक्षत्रे ओळखणाऱ्यांच्या शिस्तीतूनच.

चार मिनिटांचा फरक

पंचांग पाहणाऱ्यांना 'सावन दिवस' आणि 'नाक्षत्र दिवस' हे शब्द नवे नाहीत. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा तो सावन दिवस, २४ तासांचा. एखादा तारा उगवल्यापासून पुन्हा उगवेपर्यंतचा तो नाक्षत्र दिवस. तो सुमारे चार मिनिटांनी लहान. त्यामुळे प्रत्येक तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो आणि वर्षभरात एक पूर्ण फेरी जास्त मारतो. आर्यभटाने ४३ लाख २० हजार वर्षांच्या युगात पृथ्वीची १ अब्ज ५८ कोटी २२ लाख ३७ हजार ५०० आवर्तने होतात, असे आर्यभटीयात दिले आहे. त्यावरून नाक्षत्र दिवस काढला तर तो २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतो. आजच्या मोजणीशी हा आकडा सेकंदाच्या अंशापर्यंत जुळतो. दुर्बिणीशिवाय आणि घटिकापात्राच्या काळात हे साधले, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींमुळे.

हाच चार मिनिटांचा फरक १९३० च्या दशकात अमेरिकेत एका तरुण अभियंत्याच्या मदतीला आला. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की याच्याकडे काम होते ते अगदी व्यावहारिक. समुद्रापार जाणाऱ्या रेडिओ दूरध्वनीत खरखर कशामुळे येते, ते शोधायचे. त्याने चाकांवर फिरणारा मोठा अँटेना उभारला आणि खरखरीची वर्गवारी केली. जवळची वादळे, दूरची वादळे आणि तिसरा एक मंद, सततचा, उगम न सापडणारा सुस्कारा. प्रारंभी तो सूर्यापासून येतो असे त्याला वाटले, कारण तो दिवसातून एकदाच कळसाला पोहोचत असे. पण काही महिन्यांच्या नोंदी पाहता कळसाची वेळ रोज चार मिनिटांनी अलीकडे सरकत होती. सूर्याला हे शक्य नाही. हे लक्षण ताऱ्यांचे. सुस्कारा ज्या दिशेने येत होता, ती धनू राशीतील, आपल्या आकाशगंगेच्या मध्याची दिशा होती. १९३३ मध्ये जान्स्कीने हे प्रसिद्ध केले आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला.

१९६७ मध्ये हाच प्रकार पुन्हा घडला. केंब्रिज येथे जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर एक बारीक कंप आढळला. नंतर त्याचे नियमित ठोके उलगडले; दर १.३४ सेकंदाला एक. हे मानवनिर्मित असेल, हा पहिला संशय. परंतु तो ठोका नाक्षत्र दिवसाचे वेळापत्रक पाळत होता. माणसे सूर्याच्या घड्याळाने चालतात, तारे त्यांच्या स्वतःच्या. तेव्हा हे आकाशातलेच असले पाहिजे. जंबुक या तारकासमूहात सापडलेला तो पहिला पल्सार, म्हणजे वेगाने स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा. या शोधाचे नोबेल १९७४ मध्ये तिच्या मार्गदर्शकाला मिळाले, तिला नाही.

आकाशगंगेच्या त्या मध्याविषयी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. तो मध्य आकाशात मूळ नक्षत्राच्या नांगीपासून फार दूर नाही. 'मूळ' या नावावरून, प्राचीनांना आकाशगंगेचे केंद्र ठाऊक होते, असा दावा अधूनमधून केला जातो. त्याला आधार नाही. आकाशगंगा ही ताऱ्यांची तबकडी आहे आणि तिला केंद्र आहे, ही कल्पनाच अलीकडची. नाक्षत्र दिवसाचे अचूक मोजमाप ही आपल्या परंपरेची खरी मिळकत असताना अशा उसन्या मोठेपणाची तिला गरजही नाही. त्या केंद्रात सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे भोवतीच्या ताऱ्यांच्या कक्षांवरून सिद्ध झाले. त्याबद्दल राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० चे नोबेल मिळाले. १२ मे २०२२ रोजी त्याचे रेडिओ चित्रही जगाने पाहिले.

व्याधाचा सोबती

अदृश्य वस्तू तिच्या ओढीवरून पकडण्याचे पहिले ठळक उदाहरण आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे आहे. मृगाच्या पाठीमागे लागलेला आपला व्याध. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल याने व्याधाच्या स्थानाच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. तारे आकाशात अतिशय सावकाश, सरळ रेषेत सरकतात. व्याध मात्र नागमोडी चालत होता. कोणीतरी त्याला आलटून पालटून दोन्ही बाजूंना ओढत होते. व्याधाला न दिसणारा जोडीदार आहे, असे बेसेलने १८४४ मध्ये जाहीर केले. प्रश्वा या ताऱ्याबाबतही त्याने हेच सांगितले.

बेसेल १८४६ मध्ये वारला. जोडीदार दिसला तो १८६२ मध्ये, अमेरिकेत, नव्या दुर्बिणीचे भिंग तपासत असताना अल्व्हान क्लार्क या भिंगकाराच्या मुलाला. व्याधाहून सुमारे दहा हजारपट मंद असा तो ठिपका व्याधाभोवती सुमारे ५० वर्षांत एक फेरी घालतो. पुढे कळले ते अधिकच विलक्षण होते. त्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याइतके, पण आकार पृथ्वीएवढा. अशा ताऱ्यांना श्वेतबटू म्हणतात. श्वेतबटूच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, हे १९३० मध्ये इंग्लंडला निघालेल्या बोटीवर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणिताने काढले. व्याध पाहताना त्याच्या शेजारी काय दडले आहे, याची कल्पना नसली तरी आनंदात उणीव पडत नाही. कल्पना असली तर तो तारा निराळाच वाटू लागतो.

राहू, नेपच्यून आणि व्हल्कन

न दिसणाऱ्या वस्तूचा तर्क प्रत्येक वेळी असा सफळ होतोच असे नाही. आपल्या नवग्रहांत राहू-केतू आहेत. त्यांना कोणी पाहिलेले नाही. तरीही ग्रहणाचे गणित त्यांच्यावाचून होत नाही, कारण चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदते, ते हे बिंदू. पौर्णिमा किंवा अमावास्या त्यांच्या जवळ आली तर ग्रहण लागते. हे बिंदू उलट दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. म्हणजे राहू गणितात खरा, पण वस्तू म्हणून नाहीच. ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे, हे आर्यभटानेही स्पष्ट लिहून ठेवले होते. लोकमानसात राक्षसाचे मुंडके मात्र टिकून राहिले.

युरोपात एकोणिसाव्या शतकात याच प्रश्नाची दोन टोके दिसली. युरेनस ठरल्या वाटेने चालेना, म्हणून पलीकडे आणखी एक ग्रह असावा, असे गणित फ्रान्सच्या ल व्हेरिए याने मांडले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. उत्साहाच्या भरात १८५९ मध्ये त्याने बुधाच्या कक्षेतील बारीकशा तफावतीलाही तेच औषध लागू केले. बुध आणि सूर्य यांच्या मध्ये एक ग्रह असला पाहिजे. त्याचे नावही ठेवून झाले, व्हल्कन. काहींनी तो पाहिल्याचे दावे केले. पण व्हल्कन नव्हताच. शतकाला ४३ विकला एवढ्या त्या तफावतीचे कारण १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दिले, तेव्हा कळले की ग्रह कमी पडत नव्हता, गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा होता.

नेपच्यूनसारखी खरी वस्तू, राहूसारखा गणिती बिंदू, की व्हल्कनसारखा नियमातील दोषाचा आभास? कृष्णद्रव्याविषयी आज जगभर चाललेला वाद या तीन शक्यतांभोवतीच फिरतो आहे.

देवयानीचा वेग

त्या वादाची सुरुवात आकाशात शोधायची, तर उत्तरा आणि स्वाती यांच्या दरम्यान, किंचित उत्तरेकडे पाहावे. अरुंधती केश या अंधुक तारकासमूहात हजारांहून अधिक दीर्घिकांचा एक थवा आहे. साध्या डोळ्यांना त्यातले काही दिसत नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी याने त्या दीर्घिकांचे वेग पाहिले आणि तो चक्रावला. इतक्या वेगाने धावणाऱ्या दीर्घिका केव्हाच उधळून जायला हव्या होत्या. त्यांना एकत्र बांधून ठेवायला दिसणाऱ्या द्रव्याच्या शेकडो पट वस्तुमान लागेल, असा त्याचा अंदाज. हा आकडा नंतर बराच खाली आला, तरी तूट उरलीच. जान्स्कीचा शोध प्रसिद्ध झाला तेच हे वर्ष. झ्विकी तिरसट होता, त्याचे मत कोणी फारसे मनावर घेतले नाही.

मनावर घ्यावे लागले ते व्हेरा रुबिन यांच्यामुळे. भाद्रपदाच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून निघणाऱ्या देवयानी तारकासमूहात, काळोख्या रात्री, कापसाच्या पुंजक्यासारखा एक अंधुक डाग दिसतो. ही आपली शेजारीण दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. तिच्याइतके दूरचे दुसरे काही साध्या डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. रुबिन आणि त्यांचे सहकारी केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानीतील निरनिराळ्या अंतरांवरच्या वायुमेघांचे वेग मोजले. सूर्यमालेत काय घडते पाहा. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. केंद्रापासून दूर जावे तसा वेग मंदावतो. देवयानीचा प्रकाश मध्यभागी एकवटलेला, म्हणून तिथेही असेच व्हायला हवे होते. प्रत्यक्षात बाहेरचे मेघ सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास त्याच वेगाने फिरत होते.

दीर्घिकेचे तारे जेथे संपतात, तेथेही हायड्रोजन वायू असतो. तो प्रकाश देत नाही, पण २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी देतो. रेडिओ दुर्बिणींनी १९७० च्या दशकात तेथवर जाऊन पाहिले. वेग तेथेही घसरत नव्हता. एखाद्या गावाचा दिवे असलेला भाग लहान आणि वस्ती मात्र अंधारात मैलोगणती पसरलेली, असे काहीसे. दीर्घिका न दिसणाऱ्या द्रव्याच्या विशाल गोळ्यात बसलेल्या असतात, हे मत त्यानंतर रुळले. या रुबिन यांचे नाव दिलेल्या चिलीतील नव्या वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

कृष्णद्रव्याच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. दोन दीर्घिका समूहांची टक्कर झालेल्या 'बुलेट क्लस्टर'मध्ये वायू एकीकडे अडकला आणि गुरुत्वाकर्षण मात्र दुसरीकडे आढळले, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले. वस्तू खरीच असल्याचे हे लक्षण. मात्र तिचा एक कणही आजवर हाती लागलेला नाही. अमेरिकेत साउथ डाकोटातील जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, द्रवरूप झेनॉन भरलेले पिंप या कणाची वाट पाहत आहे. झारखंडमधील जादुगुडा येथे युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ मध्ये भूमिगत प्रयोगशाळा सुरू झाली, तीही या शोधासाठी. म्हणून, गुरुत्वाकर्षणाचाच नियम बदलावा असे मानणारा पक्षही १९८३ पासून तग धरून आहे. तो अल्पमतात आहे, पण व्हल्कनची आठवण असणाऱ्या कोणी त्याला हसू नये.

कृष्णऊर्जेचे तर त्याहून कठीण. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या प्रकाशावरून विश्वाचा प्रसार वेगावत असल्याचे १९९८ मध्ये कळले. ती काय आहे, कोणालाच ठाऊक नाही. ही ऊर्जा स्थिर नसून काळाबरोबर क्षीण होत असावी, असे संकेत १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिकांच्या सर्वेक्षणातून २०२५ पर्यंत मिळाले आहेत. ते टिकतात का, हे पाहायचे.

खोडदचे कान

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध केवळ नक्षत्रनामांचा नाही. १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे सहा फुटी ३२ तबकड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी सूर्याच्या रेडिओ लहरी टिपायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांचा तो उपक्रम. पुढे त्यांनी उटी येथे मोठी दुर्बीण उभारली आणि १९९० च्या दशकात पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ इंग्रजी 'वाय'च्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात, शेतांमधून पसरलेल्या. पोलादाच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून तबकडी बनवायची, म्हणजे वारा आरपार जातो आणि खर्च आटोक्यात राहतो, ही स्वरूप यांची कल्पना. २००१ मध्ये ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. स्वरूप यांचे २०२० मध्ये निधन झाले.

रेडिओ दुर्बिणीला रात्रीची अट नाही, ढगांचीही नाही. जूनमध्ये ढगांनी आकाश झाकलेले असताना आणि डोळ्यांना मृग दिसण्याची सोय नसताना, खोडदच्या तबकड्या भरदुपारी मृगातील वायुमेघांकडे वळू शकतात. दुर्बीण वळविताना संगणकाला दिला जातो तो पत्ता आजही नाक्षत्र वेळेच्या हिशेबातच असतो.

खोडदने काय ऐकले, याची दोन उदाहरणे पुरेत. जानेवारी २०२३ मध्ये, विश्वाचे वय जेमतेम पाच अब्ज वर्षांचे असताना एका दीर्घिकेतून निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी येथे टिपल्याचे जाहीर झाले. निघताना २१ सेंटिमीटरची असलेली लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची होऊन पोहोचली. वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचे काम करून तिला सुमारे ३० पट प्रखर केले, म्हणून ती सापडली. त्याच वर्षी २९ जूनला पल्सारांवरचा निष्कर्ष जाहीर झाला. पल्सार हे अत्यंत बिनचूक घड्याळ. २५ पल्सारांच्या ठोक्यांच्या काही ठिकाणी तब्बल २५ वर्षांच्या नोंदी युरोपातील आणि भारतातील शास्त्रज्ञांनी एकत्र तपासल्या. ठोक्यांत सेकंदाच्या दशलक्षांशाच्या पातळीवर फेरफार होत होते आणि ते वेगवेगळ्या पल्सारांत एकमेकांशी जुळत होते. अवकाशच संथपणे हेलकावत असल्याची ही खूण. एकेक हेलकावा काही वर्षांचा. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरत असल्याने या गुरुत्वीय लहरी उठत असाव्यात, असा अंदाज आहे. जीएमआरटीचा वाटा यात नेमका होता. ताऱ्यांमधील विरळ इलेक्ट्रॉन दीर्घ रेडिओ लहरींना अधिक उशीर करतात. तो उशीर नीट वजा केल्याशिवाय घड्याळ विश्वासार्ह ठरत नाही. आणि दीर्घ लहरी ऐकणे हीच खोडदची खासियत.

गुरुत्वीय लहरींचा दुसरा, जलद प्रकार पकडण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा होत आहे. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्राची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली.

शांततेची किंमत

दूरच्या दीर्घिकेतून पृथ्वीवर पोहोचणारी रेडिओ ऊर्जा इतकी क्षीण असते की, चंद्रावर एखादा चालू मोबाइल ठेवला तर आकाशातील प्रखर रेडिओ स्रोतांमध्ये त्याची गणना होईल. खोडदची जागा निवडली गेली, त्यात पुण्या-मुंबईपासूनचे अंतर आणि मध्ये आडवे आलेले सह्याद्रीचे डोंगर यांचा विचार होता. आता डोंगरांचा आडोसा पुरत नाही. मोबाइलचे मनोरे, उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवरील ठिणग्या, कारखान्यांतील यंत्रे हे सारे रेडिओ गोंगाट करते. वरून येणाऱ्या गोंगाटाला तर डोंगर अडवूच शकत नाहीत. २०१९ पासून हजारोंनी सोडलेल्या इंटरनेट उपग्रहांपैकी काहींच्या उपकरणांतून, संदेशासाठी नेमून न दिलेल्या तरंगलांबीवरही लहरी गळत असल्याचे २०२३ मध्ये युरोपातील एका रेडिओ दुर्बिणीने दाखवून दिले.

या प्रश्नाला स्थानिक माणसाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचे रूप आले ते पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेमुळे. या मार्गाची मूळ आखणी नारायणगाव परिसरातून जाणारी होती. विजेवर धावणाऱ्या गाड्यांचा रेडिओ गोंगाट दुर्बिणीच्या कामात व्यत्यय आणील, असा आक्षेप आला आणि रेल्वेमंत्र्यांनीही जीएमआरटीचे कारण देऊन मूळ मार्ग शक्य नसल्याची भूमिका घेतली. मार्ग वळविण्याचे पर्याय पुढे आले, तशी जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागात नाराजी पसरली. रेल्वेची वाट पाहण्यात या भागाची अनेक वर्षे गेली आहेत. दुर्बिणीसाठी जमिनी आणि बंधने त्यांनी स्वीकारली, आता रेल्वेही सोडायची का, हा त्यांचा सवाल रास्त आहे. शास्त्रज्ञांची अडचणही खोटी नाही. एवढी उपकरणे उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत आणि मीटर तरंगलांबीवर या दर्जाच्या दुर्बिणी जगात मोजक्याच आहेत. बोगदा, आच्छादन, दूरचे वळण यांपैकी काय परवडते आणि काय पुरते, हा तांत्रिक प्रश्न आहे. तो घोषणांपेक्षा मोजणीने सुटावा, एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी.

पुढची मोठी रेडिओ दुर्बीण, 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे', दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील ओसाड प्रदेशांत उभी राहत आहे, ती याच शांततेच्या शोधात. तिच्यातील सहभागासाठी केंद्र सरकारने सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले असून, भारतीय कामाचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे.

डोळ्यांच्या आकाशाचीही तीच गत आहे. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तेव्हा शहरातल्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत असे. आज हौशी मंडळींना त्यासाठी वांगणीसारख्या ठिकाणी रात्र काढावी लागते आणि तिथल्या क्षितिजावरही शहराच्या उजेडाची तांबूस कड वर चढू लागली आहे. देवयानीचा तो डाग पाहायचा असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरमधील अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ आणि शहरापासून चांगले अंतर हवे. व्याध आणि मृग मात्र जानेवारी-फेब्रुवारीत शहरातूनही दिसतात. खोडद येथे दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त विज्ञान प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वांना पाहता येते. त्या दिवशी शाळकरी मुलांची मोठी गर्दी असते. जाताना मोबाइल बंद ठेवावा लागतो.